कवेलू फेरताना उदमांजराची वाटही बंद करा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत कवेलू फेरणीला, म्हणजे छताची कौले उतरवून पुन्हा नीट लावायला, सुरुवात झाली की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. अमुक गावात माळ्यावर ‘विचित्र प्राणी’ आढळला, गावकऱ्यांनी धाडसाने पकडून जंगलात सोडला. फोटोत बहुतेक वेळा उदमांजर असते. कोणी त्याला मसन्याउद म्हणतो, कोणी कांडेचोर, कोणी हिंदीच्या नादाने कबरबिज्जू. ठिपक्यांची जवादी (उदमांजराचाच नातलग प्राणी) असेल तर ‘बिबट्याचे पिल्लू’ म्हणूनही छापून येते. पकडून सोडण्याचा हा प्रकार कामाचा नाही, कायद्यात बसत नाही, आणि त्यामुळे घरातला त्रास बरेचदा वाढतो. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण या कामात अर्धवट माहितीनेच घोळ होतात.

आधी वर कोण आहे ते ओळखावे. अंधार पडल्यावर तासाभरात छतावरून जड पावलांचा आवाज आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास परतीचा आवाज, असे वेळापत्रक असेल तर उदमांजर समजावे. उंदराचा आवाज हलका, सारखा आणि रात्रभर असतो. खार आणि मुंगूस दिवसाचे प्राणी. उदमांजराची विष्ठा एकाच ठिकाणी साचते आणि तिच्यात बिया दिसतात: बोराच्या, जांभळाच्या, सिंदीच्या, टेंभराच्या. एवढी एक खूण पुरे. उग्र वास जमिनीलगत, कोनाड्यात किंवा धान्याच्या ढोलीमागे येत असेल तर तो चिचुंद्रीचा असू शकतो, त्यासाठी छत उघडायची गरज नाही. उदमांजर साधारण दोन ते पाच किलोचे, राखाडी-काळे, तोंडावर काळा पट्टा आणि शेपटी एकरंगी. जवादीच्या शेपटीवर कडी असतात आणि ती सहसा माळ्यावर चढत नाही. सरपणाखाली, मोरीच्या नळात, गुरांच्या कोठ्यामागच्या बिळात राहते.

खात्री करायची असेल तर फटीच्या तोंडाशी चाळलेल्या राखेचा किंवा रांगोळीचा पातळ थर द्यावा. सकाळी ठसे दिसतात. उदमांजराच्या पंजाला पाच बोटे उमटतात, कुत्र्या-मांजराच्या चार. चुना मात्र टाकू नये, पाय भाजतात.

आता पकडण्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पिंजरा लावणे, आमिष ठेवणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हे सगळे येते. उदमांजर आणि जवादी दोन्ही या कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा घरमालकाने स्वतः पिंजरा लावणे हा गुन्हा ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. फट उघडी आणि वास तसाच, म्हणजे मोकळी झालेली जागा दुसरे उदमांजर घेते. पकडलेली मादी असेल आणि पिल्ले माळ्यावरच राहिली, तर ती उपाशी मरतात, आणि मग जो वास सुटतो त्यापुढे आधीचा वास काहीच नाही. सोडलेले जनावर अनोळखी जागी कुत्र्यांच्या तोंडी जाते किंवा रस्ता ओलांडताना मरते.

मोबाइलवर फिरणारे बरेच व्हिडिओ अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या प्राण्याचे असतात. तो आपल्याकडे नाही. स्कंक दहा फुटांवरून नेम धरून फवारा मारतो आणि त्यात गंधकाची संयुगे असतात, म्हणून तिकडे हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्याचा साबण यांचे ताजे मिश्रण वापरतात. ते पाहून इथे कोणी बाटल्या भरून ठेवू नयेत. मिश्रणातून वायू सुटतो आणि बंद बाटली फुटते. उदमांजराच्या शेपटीखालीही गंधग्रंथी आहेत. एरवी त्याचा वास सुवासिक तांदूळ शिजत असल्यासारखा येतो, पण घाबरले, कोंडले की तेच उग्र द्रव सोडते. याचा अर्थ सरळ आहे: जितका पाठलाग, तितका वास.

मिरचीची धुरी, फटाके, रॉकेलचे बोळे, डांबरगोळ्या, हे सगळे उपाय लोक करतात. धुरीने वाळलेले फाटे (कवेलूंखालची लाकडे) आणि कुटार (भुसा) पेटते, भेदरलेले जनावर खाली घरात पडते आणि पिल्ले गुदमरून मरतात. डांबरगोळ्यांची वाफ बंद घरात माणसांना बाधते आणि गोळ्या खालच्या धान्यात पडतात. केळ्यात थायमेट हे जहाल कीटकनाशक घालून ठेवणे तर माणसे मारण्याचा धंदा आहे. आधी कुत्री मरतात, मग कोंबड्या, आणि लेकरू मरायला एक चूक पुरते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: ते स्वतः बाहेर गेल्यावर त्याची वाट बंद करायची. काम सुरू करण्याआधी वनरक्षकाच्या कानावर घालावे. मग दिवसा, भरपूर उजेडात, घराला बाहेरून पूर्ण फेरी मारावी. चार बोटे सहज आत जातील अशी प्रत्येक फट संशयाची. नेहमीच्या वाटेच्या कडा काळपट, तेलकट होतात, तिथे केस अडकलेले असतात, खालच्या भिंतीवर किंवा खांबावर नखांचे ओरखडे असतात. कवेलूच्या घरात ही वाट बहुधा तीनपैकी एका जागी सापडते: आढ्याजवळ सरकलेले कवेलू, त्रिकोणी भिंतीचा वरचा कोपरा, किंवा मयालाचे (छताच्या आडव्या लाकडी तुळईचे) टोक भिंतीबाहेर आलेले असते तिथली मोकळी जागा. टिनाच्या घरात पत्र्याच्या पन्हाळीखालची अर्धगोल भोके. घरकुलाच्या स्लॅबच्या घरात मागच्या टिनाच्या पडवीत शोधावे. वर चढताना पाय कवेलूवर न देता खाली फाटा आहे तिथेच द्यावा, आणि कवेलू उचलताना बोटे आत घालू नयेत. विंचू तिथेच असतात.

मग पिल्लांचा तपास. हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. आई बाहेर गेल्यावर तासाभराने घर शांत करून ऐकावे. बारीक चिरचिर ऐकू येते. मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून एका कवेलूखाली ठेवला तरी चालतो. भरदुपारी माळ्यावर हालचाल असेल तरी पिल्ले आहेत असे धरावे. एका वेताला दोन ते पाच पिल्ले होतात, त्यांचे डोळे साधारण अकरा दिवसांनी उघडतात आणि दूध सुटायला सुमारे दोन महिने लागतात. वीण वर्षात कधीही होऊ शकते, म्हणून ‘या महिन्यात पिल्ले नसतात’ हा भरवसा कोणी देऊ नये. पिल्ले असतील तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन महिने थांबणे. तेवढा धीर नसेल तर त्यांच्या जागेजवळ ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रंदिवस चालू ठेवावा आणि दिवसा हळू आवाजात रेडिओ लावावा. वाट मात्र उघडीच हवी. ही जागा आता निवांत नाही हे कळले की आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. दोन-तीन रात्री जातात. दिव्याची वायर उंदीर कुरतडतात, तेव्हा जुनी, जोड दिलेली वायर वापरू नये.

पिल्ले नाहीत अशी खात्री झाली की मुख्य वाट सोडून बाकी सगळ्या फटी बंद कराव्यात. कोंबड्यांची षटकोनी जाळी इथे कुचकामी. ती नखांनी वाकते आणि वर्षभरात गंजते. एक इंच चौकोनाची, १४ गेजची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली) जाळी घ्यावी. भिंतीच्या भोकांत दगड-सिमेंट चालते. कापडाचे बोळे, थर्माकोल, स्प्रेचा फोम यांपैकी काहीच टिकत नाही.

मुख्य वाटेवर एकतर्फी दार बसवायचे. याचे माप नीट देतो. वेल्डमेशचा ३४ इंच बाय २४ इंच तुकडा कापावा. जाळी एक इंचाची असल्याने मोजणे सोपे जाते: ३४ इंचांच्या बाजूवर दर आठ घरांवर फळीच्या कडेला ठेवून काटकोनात वाकवावी. आठ इंच चौरस, दोन फूट लांब बोगदा तयार होतो आणि दोन इंच एकमेकांवर बसवून बायंडिंग तारेने बांधायला उरतात. बाहेरचे तोंड तिरपे कापावे, वरची कड खालच्या कडेपेक्षा तीन इंच आत. या तिरप्या तोंडावर वरून झडप टांगायची: दोन मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकची, रुंदी साडेनऊ इंच, उंची साडेनऊ इंच. वरच्या कडेला दोन भोके पाडून तारेची सैल कडी घालावी. तोंड तिरपे असल्याने झडप स्वतःच्या वजनाने मिटून राहते, आतून डोके लावले की बाहेर उघडते. पारदर्शक यासाठी, की पलीकडे मोकळे दिसले तर जनावर पुढे येते. तेलाच्या डब्याचा पत्रा वापरला तर ते अंधार बघून अडते. पत्राच वापरायचा असेल तर कडा दुमडून घ्याव्यात, नाहीतर नाकतोंड कापते.

झडप कुठे फसते तेही सांगतो. बोगद्याचे तोंड सरळ कापले की वाऱ्याने झडप हलते आणि खालून नख घालून उदमांजर ती बाहेरून उचलते. हे जनावर हातांचे हुशार आहे. म्हणून झडप खाली आणि दोन्ही बाजूंना पाऊण ते एक इंच बाहेर यायलाच हवी, आणि दोन्ही बाजूंना इंचभर रुंदीच्या पत्र्याच्या पट्ट्या उभ्या बांधाव्यात, म्हणजे नख आत शिरत नाही. पट्ट्या झडपेला घासल्या तर ती अर्धवट उघडी राहते, तेव्हा मध्ये आगपेटीच्या काडीएवढी फट ठेवावी. बोगदा फटीला घट्ट न बसता बाजूने जागा राहिली, तर जनावर बोगदा सोडून तिथूनच जाते-येते आणि आपण झडपेला दोष देत बसतो. आणि सर्वांत नेहमीची गडबड म्हणजे पहिल्याच रात्री झडप सोडणे. पहिल्या दोन रात्री ती तारेने वर बांधून ठेवावी, बोगद्याची सवय होऊ द्यावी. तिसऱ्या संध्याकाळी, दिवस असतानाच, सोडावी. आत-बाहेर दोन्हीकडे राख टाकावी. बाहेर जाणारे ठसे दिसले आणि त्यानंतर सलग तीन रात्री आतल्या राखेवर काहीच उमटले नाही, की बोगदा काढून ती फटही बुजवावी. झडप सोडल्यावर आतून पिल्लांचा आवाज आला तर त्याच क्षणी ती वर बांधावी. आई बाहेर अडकली तर ती कवेलू उचकटून, पंजे रक्तबंबाळ करून आत येते.

कवेलू उचकटण्याचा प्रश्न एरवीही असतोच, आणि म्हणूनच फेरणीची वेळ मोलाची. कवेलू उतरवलेलेच असतात तेव्हा छताच्या कडेने, आढ्याजवळ आणि त्रिकोणी भिंतीलगत फाट्यांवर दोन फूट रुंदीची वेल्डमेश पट्टी मारून घ्यावी आणि वरून कवेलू छावावे. सगळ्या छताला जाळी लागत नाही. एरवी याच कामासाठी छत दुसऱ्यांदा उघडावे लागते आणि कवेलू फुटतात ते वेगळे. नळीच्या कवेलूंचे घर असेल तर कडेच्या दोन ओळी तारेने बांधाव्यात, मंगलोरी कवेलूंनाही शेवटच्या ओळीत तार घालता येते.

चढण्याच्या वाटा तोडल्याशिवाय हे सगळे अपुरे आहे. छताकडे आलेल्या फांद्या सहा फुटांपर्यंत मागे छाटाव्यात. दोडक्याचा, वालाचा मांडव छताला टेकलेला असतो, तो हलवावा. झाड तोडायची गरज नाही. जमिनीपासून पाच फुटांवर दोन फूट रुंद गुळगुळीत टिनाचा पट्टा खोडाभोवती गुंडाळला की चढता येत नाही. पट्टा खिळ्यांनी ठोकू नये, तारेने सैल बांधावा आणि वर्षाकाठी सैल करत जावे. शेजारच्या झाडावरून उडी मारण्याइतके अंतर असेल तर पट्ट्याचा उपयोग नाही, हे आधी बघून घ्यावे.

खाण्याचेही तसेच. मार्च-एप्रिलमध्ये अंगणात वाळत घातलेली मोहफुले रात्री तशीच पडून राहतात. उदमांजराला याहून मोठे आमंत्रण नाही. संध्याकाळी गोळा करून झाकण असलेल्या टोपल्यात किंवा पोत्यात भरावीत. पिकायला आलेली पपई तरटाने बांधावी, गळालेले पेरू-चिकू उचलावेत. कोंबड्या दिवस मावळायच्या आत खुराड्यात जायला हव्यात. खुराड्याला एक इंचाऐवजी अर्धा इंच वेल्डमेश लावावी, कारण त्यातून कोंबडीची पिल्ले ओढून काढता येत नाहीत, आणि दाराला कडीसोबत अडसरही असावा. जवादीचा त्रास असेल तर जाळी खुराड्याभोवती एक फूट खोल पुरून तिचे टोक बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर आडवे वळवावे. खणणारे जनावर भिंतीलगतच खणते, जाळी लागली की सोडून देते. सरपणाखाली किंवा पायरीखाली बीळ असेल तर तोंडात कागदाचा सैल बोळा ठेवून पाहावे. तीन रात्री बोळा जागचा हलला नाही म्हणजे बीळ रिकामे. तेव्हाच ते दगडांनी भरून वर जाळी पुरावी.

माळा साफ करताना तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. कोरडी विष्ठा झाडू नये, धूळ छातीत जाते. साबणाच्या पाण्याने भिजवून खरवडून काढावी आणि खड्ड्यात पुरावी. जागा साबणाने धुऊन झाल्यावर, वाळल्यानंतर, लिटरभर पाण्यात एक सपाट मोठा चमचा ब्लीचिंग पावडर घालून पुसावी. ओल्या मुतावर थेट ब्लीचिंग टाकले तर डोळे-नाक जाळणारी वाफ येते. वास मागे राहिलाच तर लाकडावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा, आणि मयालाला, भिंतीला चुन्याचा हात द्यावा. हे काम टाळू नये. जुना वास हाच पुढच्या उदमांजराला रस्ता दाखवतो.

दिवसाढवळ्या एखादे खोलीत शिरले असेल तर आतली दारे लावून बाहेरचे दार उघडावे, दिवे मालवावेत, माणसांनी बाहेर व्हावे. अंधार पडला की ते आपले आपण जाते. कठडा नसलेल्या विहिरीत पडले असेल तर लांब बांबूला तरट गुंडाळून तिरपा सोडावा किंवा दोराने बाज सोडावी. पाणी उपसायची धावपळ करू नये. एकटे पिल्लू सापडले तर गाईचे दूध पाजू नये. टोपलीत ठेवून, सापडले त्याच जागी, कुत्र्यांच्या तोंडापासून उंचावर ठेवावे. आई बहुतेक रात्रीच येऊन नेते. सकाळी टोपली तशीच असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा. जखमी जनावरासाठीही तोच नंबर. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये अशा प्राण्यांवर उपचार होतात. चावलेच तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, मिरची, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

एवढे करून उदमांजर गावातून जाणार नाही, जायलाही नको. ते उंदीर खाते, आणि सोयाबीन-तुरीची पोती घरात ठेवणाऱ्याला उंदरांची किंमत सांगायला नको. ते वाडीतल्या झाडावर राहिले तर कोणाचे बिघडत नाही, माळ्यावर नको एवढेच.

वनविभागाला एक विनंती आहे. वाघ-बिबट्यांसाठी जंगलालगतच्या गावांमध्ये तिथल्याच तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. त्याच तरुणांना हे दार बसवायला शिकवावे, आणि प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात तयार झडपांचे चार-सहा संच व वेल्डमेशचा एक गुंडाळा ठेवावा. लोकांनी फोन केल्यावर पिंजरा घेऊन येण्याऐवजी दार घेऊन यावे. झडप महिनाभर वापरून परत करता येते, तेव्हा खर्च फारसा नाही. आपल्या दैनिकानेही अशा बातमीखाली १९२६ हा नंबर चौकटीत छापावा आणि पकडणाऱ्यांचे फोटो छापणे बंद करावे.

आपले,
वन्यप्राणी सुटकेचे काम करणारे काही कार्यकर्ते,
जि. चंद्रपूर